खाटेशेजारची कुंडी

प्रिय बेबी,

आशीर्वाद आहेतच, पण आधी माझी तक्रार ऐक.

निघताना तू दिलेली कुंडी मी हॉस्पिटलात ह्यांच्या खाटेशेजारी खिडकीत ठेवली. पहिल्याच संध्याकाळी नर्स ती उचलायला आली. म्हणे, "आजी, रात्री झाड पेशंटचा ऑक्सिजन खातं."

तीस वर्षं मी मुलींना वनस्पतिशास्त्र शिकवलं, आणि ही मला शिकवणार. मी म्हटलं, "बाई, उजेडात पानं कार्बन डायऑक्साइड घेऊन अन्न तयार करतात आणि ऑक्सिजन सोडतात. अंधारात अन्न करणं थांबतं, श्वास तेवढा चालू राहतो. पण एवढंसं रोप घेऊन घेऊन घेणार किती? चिमूटभर. त्याहून जास्त तू बडबडताना घेतेस."

तुझे भाऊजी हसले. कुंडी राहिली.

ते बरे आहेत. काल अर्धा कप दूध घेतलं. परवापासून नाकाला ऑक्सिजनची नळी आहे, पण ती नुसती आरामासाठी, असं सांगतात. डॉक्टर फार बोलत नाहीत, त्यांना घाई असते.

रोपाची खालची पानं शिरा सोडून पिवळी पडली आहेत. मातीत मॅग्नेशियम कमी आहे, दुसरं काही नाही. तुझा गुडघा कसा आहे? जिना चढतेस का अजून, माझं न ऐकता?

आता सांगते ते कोणाला बोलू नकोस. काल दिवे लागल्यावर नर्स आली, नळीतला ऑक्सिजन वाढवला, कुंडीकडे पाहिलं आणि गेली. मग मीच उठले आणि कुंडी बाहेर व्हरांड्यात ठेवून आले.

चिमूटभर तर चिमूटभर.

तुझी,
ताई