चाळीस नंबरचा बिल्ला

३ तारीख, सोमवार
आले बाई एकदाची! समुद्रकाठचा किल्ला, आत बगीचा, फाटकाशी माझी केबिन आणि मागे राहायला दोन खोल्या. काम सोपं. आत जाणाऱ्याला पत्र्याचा बिल्ला द्यायचा, बाहेर पडताना परत घेऊन फळ्यावर त्याच्या नंबराच्या खिळ्याला लावायचा. सगळे खिळे भरले की आत कोणी नाही. मग कुलूप. हे गेल्यापासून मला ना हसू येतं ना रडू, नुसती दगड झालेय. माझी लेक चिमी तिच्या आत्याकडे आहे. रविवारी येईल, कायमची. तेवढ्यावर दिवस ढकलतेय.

५ तारीख, बुधवार
चाळीस नंबरचं काय गौडबंगाल आहे कोण जाणे. मी तो कोणालाच देत नाही, तरी सकाळी खिळा रिकामा. संध्याकाळी सगळे गेल्यावर, माझी पाठ वळली की बिल्ला खिडकीच्या कट्ट्यावर हजर. गंजका, ओला. माळीकाका म्हणाले, तो येईपर्यंत थांबायचं, त्याआधी कुलूप लावायचं नाही. मी म्हटलं, थांबा तुम्हीच, मला घर लावायचंय.

७ तारीख, शुक्रवार
पत्रेवाल्याकडून नवा चाळीस करून आणला. चकचकीत. खिळ्याला लावला, फळा भरला, वेळेवर कुलूप. मिटली कटकट.

८ तारीख, शनिवार
फाटकाच्या आतल्या बाजूला ओले हात उमटलेत. माझ्या कमरेइतके उंच. लहान हात. माळीकाकांनी पाहिलं आणि झाडांना पाणी घालत राहिले. भीती वाटायला हवी होती. नाही वाटली.

९ तारीख, रविवार
चिमी आली! नवा बिल्लाच हवा म्हणून हटून बसली. दिला. बजावलं, बागेत खेळ, बुरुजाकडे फिरकायचं नाही.

संध्याकाळी हीऽ गर्दी. बिल्ले न बघता भराभर लावले. सगळ्यांत शेवटी चिमी. बिल्ला दिला, माझा हात धरला. फळा भरला. कुलूप लावलं.

रविवारच, दिवे लागल्यावर
चिमी बोलत नाही. जेवली नाही. तोच फ्रॉक, त्याच वेण्या. हात गार. कितीदा पुसला तरी ओला.

माझ्या बोटांना गंज लागलाय. तिने दिलेल्या बिल्ल्याचा.

पण मी तर नवा—

म्हणजे नवा अजून आत—

फाटक वाजतंय. आतून. आई म्हणून हाक—

रडू फुटलं. आज फुटलं. किल्ली खिळ्यावर नाही, उशाखाली नाही—

हिच्या मुठीत. उघडत नाही मूठ, उघडतच ना—