नदीपर्यंतची सोपी वाट

पार्क कर्मचारी वसाहत,
७ सप्टेंबर २००३

ति. निकाताईस,
एव्हारिस्तोचा शि. सा. न. वि. वि.

तुझं जुलैमधलं पत्र काल मिळालं. या काठावरून गोटा भिरकावला तर तुझ्या कोंबड्या उडतील, आणि पत्र मात्र दोन देश फिरून येतं. सरहद्दीवर पहारा बसून होडी बंद झाली तेव्हा वाटलं होतं, महिन्याभरात पुन्हा सोडतील. वर्ष उलटून गेलं.

माझ्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. बरा आहे. आईला मात्र सांगू नकोस, ती नवस बोलत बसेल. लांबच्या पुलावरून तुमच्याकडे यायचं म्हणजे दिवसभर ट्रकमध्ये हाडं खिळखिळी, आणि डॉक्टर म्हणतो वसंतापर्यंत ते नाव काढायचं नाही. साहेबांनी माझी कुदळ काढून घेतली आणि हातात ब्रश दिला. सध्या मी पाहुण्यांसाठी सोप्या वाटांच्या पाट्या रंगवतो. आधी वाट चालून बघायची, मग ती सोपी की नाही ते ठरवायचं. माझी कसोटी अशी: नवऱ्याशी भांडत निघालेली बाई भांडण न थांबवता टोकाला पोचली, तर वाट सोपी. माळावरची सोपी. गरम झऱ्याची सोपी. पाटीवर मी लिहितो, पाणी बरोबर घ्या, टोपी घाला, ऊन चढायच्या आत परत फिरा. पाहुणे ते मोठ्यानं वाचतात आणि रिकामी बाटली घेऊन पुढं जातात.

आता मुद्दा. घळईची वाटही मी सोप्यांत घातली आहे. एक उंचवटा चढून उतरलं की वाळू, आणि कडा जिथं पाण्यात उतरतो तिथं वाट संपते. समोर आपला बकऱ्यांना पाणी पाजायचा काठ. नदी तिथं अरुंद आहे. आईचे डोळे गेले, कान तर शाबूत आहेत. दोन नोव्हेंबरला रविवार आहे, मला सुट्टी. ऊन वर आलं की मी तिथं येतो. चोनकाकाच्या गाढवावर बसवून तू तिला आण. निदान माझा आवाज तरी ऐकेल.

आईचा आशीर्वाद मागतो. लोभ आहे, तो नदीनं अडवू नये.

तुझा,
एव्हारिस्तो


सान तादेओ,
२८ सप्टेंबर २००३

चि. एव्हारिस्तो यास,
निकाताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या गुडघ्याला आराम पडो, आणि डोक्यालाही. अरे, दोन नोव्हेंबरला मेलेले आपल्या माणसांना भेटायला येतात, हे तू विसरलास? त्या लोकांत राहून तुला रविवार तेवढा कळतो. मीही तितकीच वेडी. तुझं पत्र आल्याच्या आनंदात मी आईला सांगून टाकलं, की मृतांच्या दिवशी एव्हारिस्तो नदीच्या पलीकडच्या काठावर येणार आहे.

ती शेंगा सोलत होती, त्या सोलून संपवल्या. मग म्हणाली, त्या दिवशी पलीकडून कोण येतं हे मला शिकवू नकोस. कधी गेला ते सांग.

मी हसले, मग शपथा घेतल्या. आता तिला सगळंच जुळतं आहे. त्याच सकाळी मी कुंपणाशी चोनकाकाला तुझ्या ऑपरेशनचं सांगत होते, तेवढा हॉस्पिटल हा शब्द तिनं नेमका ऐकला होता. तुझं पत्र वाचून दाखवते म्हटलं, तर म्हणाली, वाचणारी तूच, लिहिणारीही तूच असशील. गावात फोन नाही की तिच्या कानाला लावावा.

तेव्हापासून ती रडत नाही, हेच मला बघवत नाही. चोनकाकाच्या काळ्या कुत्र्याला ती आपल्या ताटातली भाकरी घालते. मेलेल्याला परलोकाची नदी कुत्राच पार करून देतो ना, म्हणून. स्वतः अर्धपोटी उठते. वजन उतरलं आहे. शेजारणी सांत्वनाला येऊन जातात आणि जाताना मला हळूच विचारतात, खरंच का गं? मी काय सांगू?

तू ये. तारीख बदलू नकोस. बदललीस तर ती म्हणेल, मेल्यांनाही हल्ली सवड नसते. काठी घेऊन चाल. माझी कोरलेली काठी आहे ना अजून?

जीव लावून ठेवला आहेस, तो जपावास.

तुझी,
निकाताई


पार्क कर्मचारी वसाहत,
१५ ऑक्टोबर २००३

ति. निकाताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी खूप हसलो. मग उठून दार लावलं आणि बसून राहिलो. हे पत्र पोचायच्या आधी तो दिवस येईल की नाही, माहीत नाही. पोचलं तर आईला वाचून दाखव: मी, तुझा मुलगा एव्हारिस्तो, जिवंत आहे, मला भूक लागते, गुडघा दुखतो आणि पोट सुटलं आहे. तिला पटणार नाही, तरी वाच.

मेलेल्यांच्या वेदीवर माझ्याही नावानं ताट मांडणार असशील, तर तमाले डुकराच्या मांसाचे कर, मक्याच्या पानांत घट्ट गुंडाळून उकडलेले. मेलेल्यांना म्हणे वासच पुरतो. मला पुरणार नाही, एवढं तिला सांग.

काल घळईची वाट पुन्हा चालून पाहिली. उंचवट्यावरच्या पायऱ्या मी बांधल्या तेव्हा बेताच्या वाटल्या होत्या. आता एकेक पायरी मला ओळख विचारते. एक म्हातारा पाहुणा मला मागं टाकून गेला आणि वर जाऊन हात देऊ का म्हणाला. पाटी मीच रंगवली आहे हे मी त्याला सांगितलं नाही. तुझी काठी आहे. तिच्या मुठीवरचा पक्षी झिजून कोंबडी झाला आहे.

येतो. भीती एवढीच, की आवाज ऐकूनही आई नाही म्हणाली तर मी पलीकडून काय करू?

माया आहे, ती पातळ होऊ देऊ नये.

तुझा,
एव्हारिस्तो


सान तादेओ,
४ नोव्हेंबर २००३

चि. एव्हारिस्तो यास,
अनेक आशीर्वाद, आणि आईचेही. या खेपेला तिचे तिनं सांगून लिहायला लावले आहेत.

तुझं पत्र शुक्रवारी आलं. वाचून दाखवलं. तमाल्यांपाशी ती जरा थांबली, पण म्हणाली, मेलेल्यांनाही खायचे चोचले असतात.

तुला पलीकडून जे दिसलं नसेल ते लिहिते. गाढवावर ती काळा शेला घेऊन बसली होती. काठावर आलो तेव्हा तुझ्या काठावर पाहुण्यांचं एक जोडपं डबा उघडून बसलेलं, आणि तू उंचवट्यावर. तिथूनच तू आई अशी हाक मारलीस. इतकी गोड, की मलाच शंका आली. आई म्हणाली, बघ, मेलेले असंच बोलावतात. ओ द्यायची नसते. आणि तिनं गाढवाची मान घरच्या दिशेला वळवली. मी लगाम धरून उभी राहिले.

तेवढ्यात तू खाली उतरायला लागलास. काठी सुटून घरंगळत गेली आणि तू तिला, पायऱ्यांना आणि पायऱ्या बांधणाऱ्याला जी शिवी हासडलीस, ती त्या पाहुण्यांना कळली नाही हे नशीब. मग धाप. मग तो खोकला, अगदी बाबांसारखा, शेवटी घोड्यासारखं फुरफुरून. कड्यानं तो दुप्पट करून आमच्याकडे पाठवला.

आईनं कान तिकडं केला. बराच वेळ ऐकत राहिली. म्हणाली, मेलेल्याला धाप लागत नाही गं. त्याची एवढ्यातून तर सुटका झालेली असते.

पुढचं तू ऐकलंसच. नदीपार कुणाला नावानं हाक मारायची नाही, हा नियम तिनंच आपल्याला घातलेला. तो मोडून ती ओरडली, एव्हारिस्तो! खाली बस! पाणी पी! आणि तू बसलास. ते पाहुणेही बसल्या जागी सावरून बसले आणि निमूट पाणी प्यायले. चोनकाका अजून हसतो आहे.

वाटेत तिनं विचारलं, ही वाट सोपी आहे असं याच्या पाटीवर लिहिलंय का? मी हो म्हटलं. ती म्हणाली, त्याला लिही, लोक त्याच्यावर विश्वास ठेवून येतात.

घरी आल्यावर वेदीवरचं तुझं ताट तिनं स्वतः उचललं. मला वाटलं, कुत्र्याला घालेल. ती चुलीपाशी बसली आणि तुझे तमाले एकेक सोलून सगळे खाल्ले. कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली. मी म्हटलं, निदान एक तरी त्याच्या नावानं ठेव. तर म्हणाली, धाप ऐकलीस ना त्याची? त्याला कमीच द्यायचं.

वसंतात पुलावरून ये. तोवर लोभ आहे तसाच राहू द्यावास, पोट मात्र कमी करावंस.

तुझी,
निकाताई