तळघरातला गुरुवार

गुरुवार, ६ मार्च

आज गट बोलला! संस्थेने इथे पाठवल्यापासून सहा गुरुवार मीच बडबडत होते. आज आठही सफाईवाल्या एकदम – तळघरात, फिनेलच्या कॅनवर बसून. वरच्या ऑफिसांचे अकरा मजले ह्या झाडतात-पुसतात, पण टॉयलेटला कुलूप. घासायच्या वेळी मॅनेजर किल्ली देतो, घासून झालं की परत घेतो. मग ह्या बस डेपोपर्यंत चालत जातात.

जिला सगळ्या मिरची म्हणतात ती म्हणाली, "आम्ही घासायचं, त्यांनी बसायचं!" सगळ्या खो खो हसल्या. मग गटातली सगळ्यांत धाकटी हळूच म्हणाली, "मी तर कामावर पाणीच पीत नाही. पाचवा महिना आहे. वर कुणाला बोलू नका, काढून टाकतील."

ठरलं – किल्ली मागायची. कशी मागायची, ते पुढच्या गुरुवारी.

किती विश्वास टाकला माझ्यावर! घरी येईपर्यंत पाय जमिनीवर नव्हते.

शुक्रवार, ७ मार्च

राहवलं नाही. अर्ज लिहिला, चारदा खाडाखोड करून. मॅनेजर दारातच भेटला, देऊन टाकला. 'एका गरोदर कामगार महिलेला दिवसभर पाण्यावाचून राहावं लागतं' – हे वाक्य त्याला नक्की लागेल. नाव कुणाचंच घातलेलं नाही. बरोबर केलं ना?

सोमवार, १० मार्च

धाकटीला काढलं.

मॅनेजरने म्हणे सगळ्यांना ओळीत उभं केलं. "तुमच्यात गरोदर कोण?" मिरचीने फोनवर सांगितलं आणि शेवटी विचारलं, "पण ताई, त्याला कळलं कसं?"

"बघते" म्हणाले. बघते! भित्री कुठली.

पहिल्या दिवशी तक्त्यावर गटाचा नियम लिहिला होता – इथलं इथेच राहील. माझ्याच अक्षरात.

मंगळवार, ११ मार्च

संस्थेच्या बाईंना सगळं सांगितलं. वाटलं, फैलावर घेतील. त्या म्हणाल्या, "घाई तुला झाली होती, त्यांना नव्हती." आणि लगेच, "गुरुवारी सोबत येऊ का?" नको म्हटलं, पण विचारलं त्यांनी. त्याच आधारावर आजचा दिवस काढला.

आईलाही सांगितलं. सात वर्षांची असताना मी शेजारच्या मुलीचं गुपित वर्गात फोडलं होतं – ती अंथरूण ओलं करते म्हणून. आईने हाताला धरून त्यांच्या दारात उभं केलं. "चुकलं, पण ती आधी –" मी सुरू केलं. आई म्हणाली, "पण नाही. परत म्हण." तीनदा म्हणायला लावलं! आज भाजी निवडता निवडता एवढंच बोलली, "जाशील ना गं?"

गटाचं काम मी कॉलेजात शिकले असं सगळ्यांना सांगते. खरं तर त्या दारात शिकले.

गुरुवार, १३ मार्च

धाकटीही आली होती. उभी राहून सांगितलं – अर्ज मी दिला. तुम्हाला न विचारता. त्यात धाकटीचं बोलणं लिहिलं. चुकलं माझं. आणि थांबले.

कुणी बोलेना. एरवी अशी शांतता मीच भरून काढते. आज ओठ दाबून बसले.

मिरची म्हणाली, "तीन दिवस आम्ही एकमेकींवर संशय घेतोय, ताई. मी आक्काशी बोलत नव्हते." हे तर माझ्या डोक्यातही आलं नव्हतं!

आक्का सगळ्यांत मोठ्या. त्या म्हणाल्या, "झालं ते झालं. आता कागद नको, आपण जायचं. ताई, तुम्ही मागे उभ्या राहा. तोंड उघडायचं नाही."

"खोकायचंसुद्धा नाही," धाकटी म्हणाली. हसली. थोडीशीच – पण हसली!

मला हाकलून दिलं असतं तरी चाललं असतं. त्यांनी मागची का होईना, जागा दिली.

शनिवार, १५ मार्च

ताप. मनाचाच असणार.

बुधवार, १९ मार्च

गेलो. आठ जणी पुढे, मी मागे. मॅनेजर माझ्याकडेच बघून बोलायचा – "मॅडम, तुम्ही समजवा ना यांना." मी भिंतीकडे बघत होते.

"इकडे बघा साहेब, बोलतेय मी," आक्का म्हणाल्या. गरोदर बाईला असं काढणं कायद्यात बसत नाही, हे त्यांनी पाठच केलं होतं. धाकटी कामावर नसेल तर उद्या अकराच्या अकरा मजल्यांवर झाडू फिरणार नाही.

"धमकी देता?"

"छे हो, कळवतोय. नंतर म्हणाल, कुणी सांगितलंच नाही."

पाऊण तास! धाकटी उद्यापासून कामावर. किल्ली तळघरात, खिळ्यावर.

मी एक शब्द बोलले नाही. एवढी उपयोगी मी कधीच पडले नव्हते.

गुरुवार, २० मार्च

आज चहा त्यांच्याकडून. धाकटी दुपारी बारा वाजता सगळ्यांदेखत तांब्याभर पाणी प्यायली, मिरचीने टाळ्या वाजवल्या. या आठ जणींनी मला परत गटात घेतलं – कसे मानायचे आभार!

निघताना धाकटीने सहज विचारलं, "ताई, तुमच्या संस्थेत झाडायला कोण येतं? ती कुठे जाते?"

उद्या विचारून सांगते, म्हटलं.

शुक्रवार, २१ मार्च

विचारलं. आमच्याकडे झाडणाऱ्या मावशी रस्त्यापलीकडच्या पेट्रोल पंपावर जातात. दोन वर्षं झाली.

आमच्या टॉयलेटची किल्ली माझ्या ड्रॉवरमध्ये असते.