काळजी रजा

३ ऑक्टोबर

चि. धाकट्यास ताईचे अनेक आशीर्वाद,

फोनवर नाना बरे आहेत एवढंच मी सांगते, काळजी घे एवढंच तू म्हणतोस, आणि दोघांनाही वाटतं की बोलणं झालं. म्हणून हे पत्र. नाना बाथरूममध्ये घसरले, खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली आणि परवा घरी आले, हे तुला ठाऊकच आहे. ठाऊक नसलेलं असं, की दवाखान्यातल्या मुक्कामात त्यांनी दोन नर्सबाईंचे उच्चार सुधारले आणि डॉक्टरांना त्यांच्या अक्षराबद्दल चार शब्द सुनावले. मास्तर निवृत्त होतो, मास्तरकी होत नाही. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले की आता यांना घरी न्यायला हरकत नाही. आवाजात सुटकेचा निःश्वास होता.

आता कामाचं. तीन महिने त्यांच्याजवळ कोणीतरी सतत हवं. माझी अर्जित रजा त्यांच्या मोतीबिंदूत आणि न्यूमोनियात कधीच संपली. त्या दोन्ही वेळा तू सांगितलं होतंस की काळजी रजा फक्त अंथरुणाला खिळलेल्या पालकांसाठी असते. तर अभिनंदन, आता आपण पात्र ठरलो आहोत. तीन महिन्यांची पगारी काळजी रजा घ्यावी असं ठरवून विद्यापीठाची लाभांची माहितीपुस्तिका घेऊन बसले. जिथे कर्ता दडवलेला असतो तिथे काहीतरी गडबड असते, असं मी वर्गात शिकवते. या पुस्तिकेत तर कर्ता औषधालाही नाही. सगळं आपोआप देण्यात येतं, नाकारण्यात येतं, विचाराधीन ठेवण्यात येतं. सूत्रं त्यांची असतील, भाष्यकार तूच. आपल्याच विद्यापीठाच्या तिकडच्या आवारात नव्या लोकांना तू हेच लाभ समजावून सांगतोस, तेव्हा थोडं भाष्य बहिणीसाठीही कर. अर्ज कुठे द्यायचा, सोबत काय जोडायचं, एवढंच कळव.

जानेवारीत माझं अध्ययनवर्ष सुरू होतंय, शिकवणं बाजूला ठेवून वर्षभर परगावच्या ग्रंथालयात जुन्या पोथ्या वाचायच्या. अख्ख्या नोकरीत ते एकदाच मिळतं, आणि मंजूर झालेलं वर्ष पुढे ढकलता येत नाही. ग्रंथालयाच्या मागच्या गल्लीत तळमजल्यावर दोन खोल्या बघून ठेवल्या आहेत. तोवर नाना काठी घेऊन चालायला लागतील, माझ्याबरोबर येतील, आणि मी पोथ्यांतल्या चुका शोधत असताना ते माझ्यातल्या शोधतील.

आमच्या भाचीला पापा. तुझ्या बायकोला सांग की तिच्या नवऱ्यामुळे नानांची सगळी बिलं विम्यातून बिनबोभाट भागतात, आणि त्याबद्दल ही नणंद मनापासून ऋणी आहे. नणंदा असं लेखी देत नाहीत, तेव्हा जपून ठेवा म्हणावं.

लोभ आहेच, तो पोस्टाने यावा ही इच्छा.

तुझी,
ताई


९ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न. वि. वि.,

तुझं पत्र मिळालं. नानांचं वाचून हसू आलं आणि वाईटही वाटलं.

काळजी रजेच्या भानगडीत मात्र तू पडू नकोस. नाव गोड आहे, प्रकरण कडू आहे. समिती बसते, ती उठेपर्यंत रुग्ण धावायला लागतो. शिवाय चौकशा, दाखले, घरी माणसं पाठवतात. तुला नाही झेपणार. मला विचारशील तर तू अध्ययनवर्षच आत्तापासून सुरू करून घे. मी इथून एक फोन केला तर होऊन जाईल. घरी नानांजवळ बसून वाचन होईलच. पोथ्या इतकी शतकं थांबल्या आहेत, आणखी थोड्या थांबतील. आणि एक कर, तुमच्या कार्यालयाच्या खिडकीवर विचारायला जाऊ नकोस. तिथल्या बाई नव्या आहेत, वाटेल ते सांगतात.

आमचं बरं चाललंय. मी सध्या घरीच आहे, थोडी उसंत मिळाली आहे. मागच्या खोलीला रंग दिला आणि टेबल-टेनिसचं टेबल अखेर आणलं. तुझी भाची मला रोज हरवते आणि बायको गुण मोजते, माझ्या विरुद्ध बाजूने. मोठं क्वार्टर मिळाल्याचा हा फायदा, माणूस घरातल्या घरात हरू शकतो.

नानांना नमस्कार. राग नसावा, लोभ असावा, तो तुझ्याकडे पुष्कळ आहे.

तुझा,
धाकटा


१७ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,

आशीर्वाद आहेत. ते मागे घेता येत नाहीत, एवढंच.

तुझा सल्ला मी मोडला नाही. खिडकीवर गेले ती माझ्या किरकोळ रजेसाठी डॉक्टरांचा दाखला द्यायला. शेजारच्या शिवणवाल्या काकूंना नानांपाशी बसवून गेले होते. खिडकीवरच्या बाई खरंच नव्या आहेत. म्हणून तर त्यांनी नानांचं नाव वाचून संगणकात पाहिलं. मग माझ्याकडे फार मायेने बघत म्हणाल्या की हे पालक तुमच्या नावावर नाहीत, दुसऱ्या आवारातल्या एका कर्मचाऱ्याच्या नावावर आहेत, त्याच्याच घरी राहतात. तुम्ही त्यांच्या कोण असंही विचारलं. मी म्हणाले, मुलगी. त्यावर त्यांनी धीर दिला, की मग काळजी करू नका, तुमचे बंधू शस्त्रक्रियेच्या दिवसापासून काळजी रजेवर आहेत, अहोरात्र वडिलांजवळ आहेत. तुम्हाला अजून भेटायला जाता आलं नाही का, असं त्यांनी हळूच विचारलं. मी अर्ध्या तासापूर्वी नानांना सूप पाजून आले होते. माझ्या पदराला त्याचा डाग होता.

मग मी त्यांच्यासमोरच्या बाकावर बसून ती पुस्तिका शेवटपर्यंत वाचली. हजार वर्षांपूर्वीच्या टीकाकाराचा शब्द मी चार प्रतींत ताडून पाहिल्याशिवाय घेत नाही. तुझा शब्द मात्र मी एकदाही ताडला नाही. पुस्तिका सांगते ते सरळ आहे. एक पालक एकाच कर्मचाऱ्याच्या नावावर दाखवता येतो, आणि तो ज्याच्या घरी राहतो त्याच्याच. ज्याच्या नावावर पालक, त्याचा विमा, त्यालाच काळजी रजा, त्यालाच घरात एक खोली जास्त. सगळे एकाच माळेचे मणी. तू नोकरीला लागलास तेव्हा म्हणालास की बिलं माझ्यामार्फत गेली तर लवकर निघतील, ताई फक्त हरकत नाही म्हणून सही करून दे. मला वाटलं मी एक मणी दिला.

आणि ही रजा अंथरुणाला खिळलेल्यांपुरती आहे, असं त्या पुस्तिकेत कुठेही नाही.

एकच विचारते. मोतीबिंदूच्या वेळी आणि न्यूमोनियाच्या वेळी, मी माझी रजा जाळत दवाखान्याच्या बाकावर बसले होते, तेव्हा तू ही रजा घेऊन घरी होतास का? उत्तर लिहून पाठव. फोन करू नकोस. फोनवर तू मध्येच काहीतरी गमतीचं बोलतोस आणि मी रागावले होते हे विसरून जाते.

नानांना मी यातलं काही सांगितलेलं नाही. या अवस्थेत त्यांना मुलाचा असा धक्का नको.

ताई


२३ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न.,

हो, घेतली होती. दोन्ही वेळा.

तू लिहिलंस ते वाचून मी फार मोठा चोर असल्यासारखं वाटतं. पण तुझं काय गेलं? नानांचं एकही बिल अडलं नाही. तुझी सही घेतली तेव्हा आम्ही तिघं एका खोलीत राहत होतो, बायकोची नोकरी सुटली होती, लेक दर महिन्याला आजारी पडायची. मोतीबिंदूच्या वेळची रजा मी माझ्या लेकीच्या उशाशी काढली. न्यूमोनियाच्या वेळी खात्याची परीक्षा होती, ती पास झालो. चैन केली नाही. या वेळी मात्र खरं सांगतो, फक्त थकलो होतो. नाना पडल्याचं कळलं आणि हात आपोआप अर्जाकडे गेला. सवय, दुसरं काय.

आणि तू नानांना धक्का नको म्हणतेस, म्हणून आता हेही सांगून टाकतो. नानांना सगळं ठाऊक आहे. दर फेब्रुवारीत ते माझ्याकडे येतात ते हवापालटाला नव्हे. विद्यापीठाचा तपासणीस येतो, त्याला पालक घरात दिसावा लागतो. नाना मागच्या खोलीत आरामखुर्चीत बसतात, त्याच्याशी छान गप्पा मारतात, आणि मुलगा कसा बघतो असं त्याने विचारलं की भरभरून सांगतात. पहिल्या वर्षी मी घाबरलो होतो. धीर त्यांनीच दिला.

ताई, तक्रार करू नकोस. माझी नोकरी जाईल. तुझ्याकडे मी आजवर काही मागितलं नाही, हे एवढं मागतो.

तुझा,
धाकटा


२६ ऑक्टोबर, आतल्या खोलीतून

चि. ताईस अनेक आशीर्वाद,

गेले दोन दिवस तू औषधाची वेळ झाली याखेरीज माझ्याशी बोलत नाहीस. उशी नीट करतेस, पाय हळू उचलतेस, पण बोलत नाहीस. धाकट्याचा फोन काल तू भाजी आणायला गेली होतीस तेव्हा आला, तेव्हा उलगडा झाला. उठून बाहेर येता येत नाही म्हणून हा कागद. तो तुझ्या चष्म्याच्या घराखाली ठेवायला काकूंना सांगितलं आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं. शाळेत मी हुशार मुलांकडे कमी बघितलं, कारण त्यांचं त्यांचं होतंच. घरातही तेच केलं. धाकटा कच्चा, त्याला संसार, लेकरू. तुला तुझं वाचन, तुझी नोकरी, तू खंबीर. तुला जास्तीची खोली घेऊन काय करायचं होतं? तुला आधी विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणून विचारलं नाही.

दर फेब्रुवारीत तू माझी पिशवी भरायचीस, वर लोकरीचे मोजे ठेवायचीस, तिकडे गारठा असतो म्हणून. ते घालूनच मी त्या तपासणीसासमोर बसायचो. तो एकदा म्हणाला की सून हौशी दिसते. मी हो म्हणालो.

झालं ते झालं. आता तू अध्ययनवर्ष याच कामी लाव, म्हणजे कोणाचंच नुकसान नाही. पोथ्या इतकी शतकं थांबल्या आहेत, आणखी थोड्या थांबतील. ताण घेऊ नकोस. वेळेवर जेव.

तुझे,
नाना


३० ऑक्टोबर

चि. धाकट्यास,

शनिवारी दुपारी नाना तुझ्याकडे पोहोचतील. रुग्णवाहिका ठरवली आहे, सोबत प्रशिक्षित माणूस आहे, तो तुझ्या पलंगापर्यंत पोहोचवून परतेल. पुढे तू. पगारी रजेवर तू आहेस, खोली तुला त्यांच्यासाठीच मिळाली आहे, आणि विद्यापीठाच्या मते ते कधीपासूनच तिथे राहताहेत. मी तक्रार केलेली नाही. खिडकीवरच्या बाईंनी विचारलं होतं, काही चूक असेल तर दुरुस्त करायची का. मी म्हणाले, नको, मीच करते. तू कागदावर लिहिलंस ते मी खरं करून देते आहे. बहीण याहून जास्त काय करणार?

हे मी रागाच्या भरात केलं असं समजू नकोस. राग पहिल्या दोन दिवसांत संपला. पोथ्यांचं ते वाक्य मला तुझ्या पत्रातही मिळालं आणि नानांच्याही, शब्दाला शब्द. दोन प्रतींत हुबेहूब एकच पाठ आला की त्यांचं मूळ एक असतं, हे आम्ही पहिल्याच वर्षी शिकतो. माझं वर्ष कशात घालायचं ते तुम्ही दोघांनी फोनवर ठरवलंत, मला ते पत्राने कळलं. तोवर मला वाटत होतं की माझ्या घरात तीन माणसं आहेत. दोन होती, आणि एक सोय.

आता नीट वाच. टेबल-टेनिसचं टेबल बाहेर काढावं लागेल. पलंग भिंतीला चिकटवू नकोस, दोन्ही बाजूंनी जाता आलं पाहिजे. दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी हवी, झोपेतसुद्धा. ती आरामखुर्ची हलवून टाक, बुटक्या खुर्चीत त्यांना बसवायचं नाही, खुबा निखळेल. सकाळी चालवताना ते दहा पावलांत दमलो म्हणतील. ते खरं नसतं, पण विसाव्या पावलाला खरं असतं. दुपारी रागावतात, तेव्हा त्यांना वर्तमानपत्र दे, छपाईच्या चुका सापडल्या की शांत होतात. संध्याकाळी दिवे लावायच्या वेळी ते मला हाक मारतील. सवयीने. तेव्हा तूच ओ दे.

जानेवारीत मी ठरल्याप्रमाणे जाते आहे. तळमजल्याच्या दोन खोल्या सोडल्या, वरच्या मजल्यावरची एक घेतली. नानांना जिना चढता येणार नाही हे माहीत असून घेतली, हे तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं. पत्ता पाठवीन. फेब्रुवारीत तपासणीस आला की त्याला सांगायला या वेळी तुमच्याजवळ पुष्कळ असेल.

जाण्याबद्दल मी नानांना विचारलं. त्यांच्या पायाशी बसून, सरळ. ते म्हणाले की धाकट्याला जमेल का. मी म्हणाले की कागदावर तर इतकी वर्षं उत्तम जमतंय. त्यांना हसू आलं, ते दाबताना कळ आली, आणि मग ते हो म्हणाले. नको म्हणाले असते तर मी काय केलं असतं, हे मला अजून माहीत नाही. त्यांनी हो म्हटल्यावर मी आत जाऊन थोडा वेळ कपाटाशी उभी राहिले.

शेवटचं. त्यांना कुशीवर वळवायचं असेल तेव्हा आधी सांग, वळवू का म्हणून विचार, ते हो म्हणेपर्यंत थांब, मगच हात लाव. ते हो म्हणणार हे तुला पक्कं माहीत असलं तरी.

ताई