विहिरीतली किटली

१८ मे, रविवार

पहिलं कोण आलं? हेल्डी! दुसरं कोण असणार? मी डोक्याचा रुमालही सोडला नव्हता, चुलीचा धूर अजून खोलीभर फिरत होता, आणि ही बाई दारात उभी. काखेत काळा पाव, मुठीत मीठ. नव्या घरात पहिलं मीठ माझं पडलं म्हणाली, आता बाकीच्यांनी काय हवं ते आणावं. तिच्या मागून अर्वेड आला, त्याच्याही हातात पावच, आणि हिला बघून त्याचं तोंड असं पडलं की मला हसूच आवरेना. म्हणाला, ही बया माझ्या मयतालासुद्धा माझ्याआधी पोचेल. हेल्डी म्हणाली, पोचेन की, कुणीतरी वेळेवर नको का?

तर असे माझे शेजारी. शहरात पाचव्या मजल्यावर इतकी वर्षं राहिले, समोरच्या दारातल्या बाईचं नाव शेवटपर्यंत कळलं नाही. इथे बेटावर पहिल्याच दिवशी दोन पाव आणि भांडण. बहीण गेली, हे घर माझ्या नावावर ठेवून गेली, दोन शेळ्यांसकट. रायवो म्हणाला, आई, विकून टाकू. मी म्हटलं, बाळा, आधी मला विक.

ही वही केर्तूची भेट. नात माझी, आठ वर्षांची, पण हुकूम आजीबाईसारखे. आजी, रोज लिहायचं, मी जूनमध्ये यानीच्या सणाला, जाळ पेटवतात तेव्हा, आले की आल्या आल्या आधी वही वाचणार. मी चारच इयत्ता शिकलेली, पुढे लढाई आली आणि शाळेत घोडे बांधले. पण लिहिते बाई, येईल तसं.

दुपारी मुलांनी गंमत केली. मी दुधाची किटली विहिरीत दोराने सोडून ठेवते, बर्फासारखं गार होतं. केर्तूने आणि तिच्या धाकट्या भावाने, तावीने, लगेच शर्यत लावली: जो पहिला रहाटाला हात लावेल, त्याने किटलीला तोंड लावायचं. केर्तू जिंकली. ओठावर फेसाची मिशी! तावी रडला, मग त्यालाही मिळालं. आलेल्या प्रत्येकाला मी जाताना दूध दिलं. मीठ-पाव घेऊन आलेल्याला रिकाम्या हाताने पाठवायचं नसतं.

माइरेसुद्धा आली होती, गावची नर्स. ती आली की दवाखानाच घरात येतो. गोचिडांवर सुरू झाली. चावला आणि भोवती लाल कडं उठलं तर माझ्याकडे या, गोळ्या देते, बरं होतं. पण दुसरा एक ताप आहे, त्याचं कडं बिडं उठत नाही. तो आधी येतो, मग जातो, मग डोक्यात चढतो. त्याला गोळी नाही, त्याची लस आधीच टोचून घ्यायची. हेल्डी म्हणाली, आमचं रक्त समुद्राचं, खारट, आम्हाला चावून गोचीडच मरतो. सगळे हसले. मेरिके, माझी सून, म्हणाली मुलांना सुट्टी लागली की टोचून घेऊ.

संध्याकाळच्या बोटीने रायवोकडचे सगळे गेले. यानीच्या संध्याकाळी येतो म्हणालेत, तेवीस जूनला. जाळाला लाकडं मी आत्ताच रचायला घेतलीत.

२४ मे, शनिवार

आज सौना, वाफेचं न्हाणं. हेल्डीकडचा पेटवला होता. बाई काय गप्पा मारते, वाफेत बसून तिने अख्ख्या गावाची लग्नं लावली आणि मोडली. अर्वेडचंही एक लावलं होतं म्हणे, पण त्याला एका कानाने ऐकू येत नाही, बाईने हो म्हटलं ते त्याच कानाशी.

मग इथली रीत, सौना झाला की एकमेकींची पाठ बघायची. हेल्डीने माझ्या पाठीवरचे तीन गोचीड काढले, मी तिचे दोन. चिमट्याने धरून सरळ ओढायचे आणि चुलीत टाकायचे, तडतड वाजतात. कडं कुठेच नाही. कडं नाही तर भीती नाही, म्हणाली.

परत येताना वाटलं, माझ्या पाठीला किती वर्षांनी कुणाचा हात लागला. हे वहीत लिहायचं असतं का ते माहीत नाही. केर्तू, हे वाचू नकोस, पुढचं वाच.

१ जून, रविवार

शेळ्या आता किनाऱ्यालगतच्या रानात सोडल्यात. घराजवळचं गवत संपलं. तिकडे गुडघाभर हिरवं आहे, आणि काळी शेळी मुस्टिक इतकी खूश की दूध वाढलं. हेल्डीला रोज एक बाटली नेऊन देते. तिने आज बाटली परत दिली तीसुद्धा पायरीवर ठेवून, ताप आहे म्हणाली, आत येऊ नकोस.

मुस्टिकच्या कानांमागे गोचीड लागलेत, जोंधळ्याच्या दाण्यांसारखे टपोरे. काढत बसले. रानात वाकून बघितलं तर गवताच्या टोकाटोकाला बसलेले, पुढचे पाय वर करून. पोरं खाऊसाठी हात पुढे करतात ना, तस्से. कुणी जवळून जाईल का म्हणून. मला हसू आलं आणि मग नाही आलं.

खिडकीत बसले की मीही तशीच दिसत असेन.

५ जून, गुरुवार

दोन दिवस अंग मोडून आलंय, ताप. लाकडं रचताना घाम आला आणि वारा लागला. मध घालून दूध पिते, त्यानेच उतरेल. अर्वेड शेळ्या बघून गेला. म्हणाला, तू मेलीस तर मुस्टिक मला. मी म्हटलं, तेवीस तारखेपर्यंत वाट बघ.

माइरेकडे जायला नको. ती लगेच मोठ्या दवाखान्यात धाडते, आणि मग रायवो म्हणणार आई आजारी, यंदा नको यायला.

१० जून, मंगळवार

बरी झाले! अगदी खडखडीत. खिडक्या पुसल्या, मुलांची अंथरुणं उन्हात घातली. चादर झटकताना एक गोचीड खाली पडला, चालायला लागला, घाई नाही काही नाही. उशीच्या अभ्र्यात दुसरा. शेळ्यांसोबत येत असणार.

शनिवारी हेल्डीकडे सौना नव्हता, ती झोपूनच. मी माझं एकटीनेच पाण्याने अंग धुतलं आणि आरसा धरून पाठ बघायला गेले. दिसत नाही. मान वळते तेवढंच दिसतं. पाठीच्या मधोमध काय आहे हे एकट्या माणसाला कधीच कळत नाही.

या घरात न चुकता मला भेटायला येतात ते हे गोचीडच.

१२ जून, गुरुवार

हेल्डीला नेलं. गाडी आली तेव्हा मी धावत गेले. बरी होऊन परवाच उठली होती, स्वतः पाव भाजला होता तिने. आणि आज मला ओळखेना. मला म्हणाली, बाई, तुम्ही कोणाकडे आलात? जिला अख्ख्या गावाच्या पणज्यांची नावं पाठ, ती! माइरेने घराला कुलूप लावलं. आमच्या बाजूला तेवढाच एक फोन होता.

माइरेने मला विचारलं, हेल्डी काय खात होती, काय पीत होती. मी सांगितलं, काय म्हणजे? पाव, मासे, माझं दूध. तिने दुधाची एक बाटली मागून नेली.

१६ जून, सोमवार

दूध.

माइरे मुद्दाम सांगायला आली. गोचीड शेळीला चावतो, शेळीला काही होत नाही, ती चरते, उड्या मारते, पण ताप तिच्या दुधात उतरतो. कच्चं प्यायलं की माणसाच्या पोटात. आज या शेळीच्या दुधात असेल, उद्या तिच्या. उकळलं तर मरतो. आम्ही इथे शेळीचं दूध उकळत नाही. उकळलं की त्यातला जीव जातो म्हणून माझी आई सांगायची. जीवच होता त्यात.

आहे ते सगळं ओता म्हणाली, आणि मोठ्या दवाखान्यातून निरोप येईपर्यंत उकळल्याशिवाय थेंब नको, मुलांना तर मुळीच नको. मग माझ्याकडे टक लावून विचारलं, आजी, तुम्हाला ताप आला होता का?

मी म्हटलं, नाही.

म्हणाली, आलेला असेल तर लपवू नका, मधले काही दिवस माणूस ठणठणीत असतो, मग परत येतो तो डोक्यात. मी म्हटलं, अगं मी घोड्यासारखी आहे, बघ खिडक्या. तिने खिडक्या बघितल्या. सणाची सुट्टी संपली की येते म्हणाली, आणि गेली.

हो म्हटलं असतं तर ते आले नसते. एवढंच.

मुलांना सांगायचं: आल्या आल्या विहिरीवर नाही. फाटकातच उभी राहीन मी.

१८ जून, बुधवार

सकाळपासून कपाळात खिळा. वाकलं की जास्त. अर्वेडला बोलावून सांगितलं, धार तू काढ, आणि दूध झुडपात ओत, सगळं, समजलं ना? मान हलवली त्याने. चांगल्या कानाशी बोलले मी. बहुतेक.

म्हणाला, मी जन्मभर पितोय, मला काय झालंय? लहानपणी त्याच्या घरच्यांना धरून सैबेरियात नेलं होतं. तिथे त्याची धाकटी बहीण एक कप दुधावाचून गेली, हे तो दरवेळी सांगतो. आजही सांगितलं. मी म्हटलं, अर्वेड, तरी ओत.

१९ जून

मान वळत नाही. उजेड सुया टोचल्यासारखा, आणि इथे या दिवसांत अंधार होतच नाही. खिडकीला घोंगडी लावली. हात थरथरतो, अक्षरं मुंग्यांसारखी.

चादरीवर चालतंय काहीतरी. बघितलं, नव्हतं.

हेल्डी दारात आली होती, मीठ घेऊन. नाही, तिला नेलं ना.

२० जून

अर्वेड आला. त्याला म्हणायचं होतं, माइरेला बोलाव. तोंडातून आलं — चमचा. परत म्हटलं. चमचा. त्याने चमचा आणून दिला.

वहीत लिहिता येतंय. तोंडात नाही येत. अर्वेडला वही दाखवली, तो हसला, चष्मा नाही म्हणाला. तापात बरळतेयस, म्हणाला, सणानंतर माइरे येतेच आहे, आणि लहान मुलाला थोपटावं तसं थोपटलं.

उजवा पाय जड. माझा नाही.

२१ जून

पाठीवर आहेत. मधोमध. कुणीतरी बघा —

कुणी नाही.

२२ जून

अर्वेडने लाकडं रचली पुरती. हसत हसत आत आला, माझ्याजवळ बसला. म्हणाला, अल्वीने, तुझ्यासाठी एक गंमत केलीय. ओतवलं नाही मला, जन्मात नाही ओतवणार. आज सकाळचं दूध, ताजं, पूर्ण किटली, विहिरीत सोडलीय. मुलांसाठी. रहाटाच्या दांड्याला फुलं बांधलीत.

मी म्हटलं नको. तोंडातून — रविवार.

म्हणाला, हो, आज रविवारच. उद्या येतील.

मी ओरडले. रविवार, रविवार. त्याचे डोळे भरून आले. आभार मानते वाटलं त्याला. हात दाबला आणि गेला. रचलेल्या लाकडांपाशी जाऊन बसला असेल, तिकडे दूर, वाईट कान इकडे.

उठले. दारापर्यंत. उंबऱ्यात पडले. विहीर दिसते तिथून. दोर खाली गेलाय, ताठ. सरपटले — पायरीच्या खाली गवत. टोकाटोकाला पाय वर करून —

परत आले. कसे ते माहीत नाही.

२३ जून

उजवा हात गेला. डाव्याने.

एका पानावर मोठं लिहायचं, दारात टाकायचं. लिहिलं. बघितलं तर नुसत्या रेघा. परत. रेघा. इथे वहीत येतंय का, का हेही —

केर्तू तू म्हणाली होतीस आधी वही.

बोट दुपारची. उकळायचं. ते — चुलीवर — पांढरं. उकळायचं.

मोटार.

दारं वाजली. रायवोचा आवाज, आई झोपली असेल, गलका नको. मेरिके म्हणते अगं बाई फुलं बांधलीत किती गोड.

आत या. आधी आत. ओरडते आहे मी, रविवार येतंय फक्त, हळू येतंय —

पायांचा आवाज. इकडे नाही. गवतातून. धावत.

केर्तू. वही. आधी वही म्हणाली होतीस ना, ये, इथे उशीपाशी आहे, उघडीच —

रहाट वाजतोय.

तावी रडतोय सोड सोड माझी पाळी. ती हसते. तिचं हसणं किती दिवसांनी

म्हणते मी पहिली, मी पहि —