अर्ध्या ऑर्कला अंधारात दिसतं का

५ ऑक्टोबर, शनिवार
सकाळी दोन इमारतींच्या लिफ्ट तपासल्या. एकीचा ब्रेक ढिला होता, बंद करून पाटी लावली. सेक्रेटरी भांडला. घरी येऊन जेवलो. संध्याकाळी खेळाची मंडळी आली.

जूनमध्ये आमची ही गेली, तेव्हापासून खेळ बंद होता. टेबलावरचा खेळ आहे. एकजण गोष्ट चालवतो, म्हणजे वाटेत नदी आहे, गुहा आहे, राक्षस आहे असं सांगतो. बाकीचे आपापलं पात्र घेऊन आपण काय करतो ते सांगतात. जमलं की फसलं, ते फासे ठरवतात. आमच्याकडे ही चालवायची. सगळं डोक्यात, कागदावर एक ओळ नाही. पुढच्या शनिवारपासून मी चालवणार. हातात घेतलेलं काम अर्धवट सोडू नये, एवढाच हेतू. दुःख वगैरेचा संबंध नाही.

डॉक्टरीणबाई (दातांच्या, हिची मैत्रीण, खेळात चोर) म्हणाल्या, बरं केलंत, खेळ बंद पडला तर पोरगी इकडे कशाला फिरकेल? हिच्या मुलीबद्दल म्हणत होत्या. हिच्या पहिल्या लग्नाची मुलगी. वेगळी राहते, नोकरी करते, मला काका म्हणते. मी म्हटलं, तो मुद्दाच नाही.

खेळातलं कुटुंब असं: आई एल्फ, वैदू. एल्फ म्हणजे टोकदार कानांचे लोक, सातशे वर्षं जगतात. तिचा पहिला नवरा ऑर्क, धिप्पाड, सुळेवाला, पळून गेलेला. त्याच्यापासून झालेली मुलगी अर्धी ऑर्क, ती हिची मुलगी खेळते. मग आईने एका ड्वार्फशी लग्न केलं. ड्वार्फ म्हणजे बुटका, दाढीवाला, लोहार, कमी बोलणारा. तो मी. आई अर्थात ही व्हायची. डॉक्टरीणबाई नेहमी म्हणतात, हे तुमचंच घर आहे हो. मला साम्य दिसत नाही. माझी उंची मध्यम आहे.

अडचण एकच, आता आई कोण होणार. मी ठरवलं की ती औषधी मुळ्या आणायला जंगलात गेली आहे. सातशे वर्षांच्या आयुष्यात थोडा उशीर चालतो.

८ ऑक्टोबर, मंगळवार
हिच्या खेळात मिश्र कुटुंबांना काहीच नियम नव्हते. कुणाला शिंगं हवी असली की ही म्हणायची, घे. अशाने लिफ्ट पडते. तक्ता करायला घेतला. मोठा कागद, ऑफिसातला.

उंची: आईबापांची सरासरी. सोपं.
वय: ऑर्क साठ, एल्फ सातशे, सरासरी तीनशे ऐंशी. म्हणजे मुलगी दोनशेव्या वर्षी ऐन जवानीत आणि बापाला जाऊन जमाना झालेला. विचित्र वाटतं, पण गणित बरोबर आहे.
वजन: एका ऑर्कला दीड माणूस धरावा.
अंधारात दिसणं: हिच्या जगात फक्त ड्वार्फना दिसतं. म्हणून ज्याच्यात ड्वार्फचं रक्त त्यालाच दिसेल. रक्त नाही, नजर नाही.

संध्याकाळी बाथरूममध्ये एल्फचा आवाज काढून पाहिला. न जाणो, लागला तर. खालच्या बेकरीवाल्याने येऊन विचारलं, साहेब, पाइप तुंबलाय का?

१२ ऑक्टोबर, शनिवार
खेळ झाला. मी चालवलेला पहिला. माझ्या मते उत्तम.

हिच्या मुलीने सुरुवातीलाच विचारलं की अर्धी ऑर्क सकाळी उठते, आई कुठे आहे? म्हटलं, मुळ्या आणायला. कधी येणार? म्हटलं, मुळ्यांवर अवलंबून आहे. ती म्हणाली, मग मी शोधायला जाते. हे मला अपेक्षित नव्हतं. ताबडतोब नदी आणली आणि पूल मोडका ठेवला.

पूल दुरुस्त करायचा तर भार किती पेलेल ते काढणं आलं. ते सगळ्यांना समजावून सांगितलं. बेकरीवाला (खेळात जादूगार) म्हणाला, जादूने उडून जाऊ. मी म्हटलं, उडताना वजन कमी होत नाही. डॉक्टरीणबाई थकल्या असाव्यात, डोळे मिटून ऐकत होत्या.

हिची खुर्ची रिकामी ठेवली. मी स्टुलावर बसतो. पाठीला बरं असतं.

१९ ऑक्टोबर, शनिवार
पहिला पूल ओलांडला. पुढे दुसरी नदी. दुसरा पूलही मोडका. तिसऱ्या नदीला बेकरीवाला म्हणाला, अहो साहेब, या मुलखात पावसापेक्षा नद्या जास्त! इथल्या कंत्राटदाराला कधी धरणार? सगळे हसले. मंडळी रमली आहेत.

शेवटी हिच्या मुलीने वाट सोडली आणि गुहेतून जायचं म्हणाली. गुहेत पूल टाकता येईना. मग अंधार टाकला, आत काही दिसत नाही म्हटलं. ती म्हणाली, मला दिसतं. तक्ता काढला. एल्फला नाही, ऑर्कला नाही, म्हणजे तुलाही नाही. ती म्हणाली, मी लहानपणापासून ड्वार्फच्या भट्टीत वाढलेय काका, त्याच्यामागे अंधारात हातोडे उचलत फिरलेय, आईने मला नेहमी दिसू दिलंय. मी शांतपणे सांगितलं की त्याचं रक्त तुझ्यात नाही.

ती तक्त्याकडे बघत राहिली. म्हणजे त्याचं माझ्यात काहीच आलं नाही? मी म्हटलं, नियमाप्रमाणे, काहीच नाही.

आपले फासे पिशवीत भरून ती लवकर गेली. सकाळी लवकर उठायचं असेल. निर्णय देताना मी भावना मध्ये आणल्या नाहीत, याचं समाधान आहे.

२३ ऑक्टोबर, बुधवार
समाधान आहेच. पण झोप नीट नाही. स्टूल बदलायला हवं.

२६ ऑक्टोबर, शनिवार
हिची मुलगी आली नाही. काम आहे असा मेसेज. नेहमी खाली चिकटवते ते हसरं तोंड नव्हतं. नेटवर्क असेल.

बेकरीवाला ताजा पाव घेऊन आला आणि पटकन गेला. डॉक्टरीणबाई थांबल्या. तुम्ही त्या पोरीला काय बोललात ते कळतंय का तुम्हाला, म्हणाल्या. मी त्यांना तक्ता उलगडून दाखवला. त्यांनी चष्मा लावून किडकी दाढ बघावी तसा तो पाहिला. मग विचारलं, यात लोहार कुठाय?

लोहार नाही. कसा असेल? रक्ताच्या रेषांचा तक्ता आहे आणि त्याची रेषा कुणालाच लागत नाही. हे समजावायला गेलो तर त्या म्हणाल्या, अहो शहाणे, सगळ्या घराला कुलूप लावलंत आणि स्वतः बाहेर राहिलात! आणि पर्स उचलून निघाल्या. दाराशी पुन्हा वळल्या. तिच्या शाळेच्या बुटांची नाडी कोण बांधायचं हो, ऑर्क?

हा प्रश्न तक्त्याच्या बाहेरचा आहे.

२७ ऑक्टोबर, रविवार
लोहारासाठी तुटक रेषा काढून पाहिली. तुटक रेषेचा अर्थ काय ते ठरवता येईना. खोडली. कागद तिथे पातळ झाला. पुन्हा काढली. फाटला.

उद्या फोन करायचा, हे नक्की.

२८ ऑक्टोबर, सोमवार
फोन केला नाही. ती ऑफिसात असणार.

२९ ऑक्टोबर, मंगळवार
ती जेवत असणार.

३० ऑक्टोबर, बुधवार
फोन लावला. तिने उचलला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं, म्हणून तुझ्या बिल्डिंगची लिफ्ट नीट चालते का, ते विचारलं. ती म्हणाली, काका, मी तळमजल्यावर राहते. मग म्हणाली, शनिवारी येते.

बोलणं मुद्देसूद झालं.

२ नोव्हेंबर, शनिवार
आजसाठी पक्की तयारी केली होती. चौथी नदी, तिला मगरी. अंधाराच्या नियमाला एक पोटनियम. मुळ्यांचं जंगल आणखी उत्तरेला सरकवलं होतं, तिथपर्यंत कुणी वर्षभर पोचलं नसतं.

ती आली, चपला काढल्या आणि सरळ हिच्या खुर्चीत जाऊन बसली. मी काही म्हणणार, तेवढ्यात म्हणाली, काका, आज मी चालवते.

माझ्याकडे बरेच आक्षेप तयार होते. मी स्टूल पुढे ओढलं.

तिने सुरुवात केली. तुम्ही जंगलात पोचता. एकाही नदीचा उल्लेख नाही. मुळ्यांची टोपली पडलेली आहे, म्हणाली. आई नाही. आई परत येणार नाही. मी म्हटलं, एल्फ सातशे वर्षं जगतात. ती म्हणाली, जगतात काका. ही नाही जगली.

बेकरीवाला दर वेळी खायला काय आहे विचारतो. आज त्याने विचारलं नाही.

मग मला विचारलं, लोहारा, तू काय करतोस? खेळात ती मला अरेतुरे करते. मी म्हटलं, लोहार टोपली उचलतो. बरं, मग? मग घरी येऊन भट्टी पेटवतो. मग? मी फासा हातात घेतला. टाक फासा, म्हणाली. टाकला. एक पडला. याहून खाली काही नसतं.

ती म्हणाली, लोहार रडतो.

मी म्हटलं, असा नियम नाही. ती म्हणाली, आता आहे. डॉक्टरीणबाईंनी रुमाल पुढे केला. मी सांगितलं की रडतोय तो लोहार, मी नाही. चष्मा पुसायचा होता म्हणून रुमाल घेतला. बराच पुसावा लागला.

जाताना तिने तक्ता मागितला. मला वाटलं, अभ्यास करणार. तिने त्याची घडी घालून ती डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली आणि टेबल हलवून पाहिलं. हललं नाही. मग म्हणाली, भट्टीत वाढलेल्या सगळ्यांना अंधारात दिसतं. पटतंय का रे लोहारा?

लोहाराने मान हलवली. तो कमी बोलतो.

३ नोव्हेंबर, रविवार
पुढच्या शनिवारपासून खेळ मुलीकडे, तळमजल्यावर. ती चालवणार. मला नुसता लोहार. फासे आणायचे, वेळेवर यायचं आणि पुलांबद्दल एक अक्षर काढायचं नाही, असा मेसेज आला आहे. खाली हसरं तोंड. म्हणजे मी खेळ व्यवस्थित मार्गी लावून दिला असं म्हणायला हरकत नाही.

संध्याकाळी कालचे कप धुवायचे राहिले होते. अंधार पडला होता. म्हटलं, लोहाराला दिवा कशाला हवा. तसाच निघालो. दोन पावलं छान गेलो, तिसऱ्याला नडगी हिच्या खुर्चीवर आपटली. काल मीच ती वाटेत ठेवली होती. थोडा वेळ तिच्यावरच बसलो.

मग उठून दिवा लावला आणि कप धुतले.