चौथं कडवं

दि. ३ मार्च

ती. स्व. दादास,

शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तू मनानं रचतोस, म्हणून लिहायला बसलो. वहिनी असती तर म्हणाली असती, धाकट्यानं पेन धरलं म्हणजे काहीतरी बिघडलंय. तसं काही नाही. गुडघे कुरकुरतात, चहातली साखर बंद झाली आणि मशीनवर चढताना कुणीतरी मागून ढकलावं लागतं, एवढंच. हे माझं शेवटचं काम. मग पोकलेनची चावी कंत्राटदाराला देणार आणि घरी बसून बायकोची बोलणी खाणार.

काम कुठलं ते ऐक. आपल्या शाळेमागचं रान. शाळा तर केव्हाच पाडली, आता तिथे गोदामं होणार आहेत. मैदान, कुंपण, पलीकडची पडीक जागा, सगळं झुडपांनी एक होऊन गेलंय. मनगटाएवढी, मांडीएवढी झाडं आणि खाली मुळांचा गुंता.

कंत्राटदार म्हणाला, मल्चर लावा. मल्चर म्हणजे दातांचं फिरतं पिंप. झाडावर टेकवलं की शेंड्यापासून बुंध्यापर्यंत भुसा. मी ऐकलं नाही, पंजा लावला. त्याचे पाच वाकडे दात झुडपाच्या पलीकडून जमिनीत घालायचे, आधी मागची मुळं तोडायची, मग हळूहळू आपल्याकडे ओढून वर उचलायचं आणि झटकायचं. माती खाली पडते, मुळं पंज्यात राहतात आणि मातीत जे असेल ते अख्खं मिळतं. तो मला विचारतो, काका, खजिना सापडायचाय का.

तुला सांगायला नको मी काय शोधतोय. आपला मधला तिथेच लपायला गेला होता. पंचावन्न वर्षं झाली. पंचवीस तारखेला मल्चर येणार, त्यामागून रोलर, मग सिमेंट. त्याआधी त्याचं जे काही उरलं असेल ते मला हातात घ्यायचंय. तो कुठल्या बाजूला पळाला होता, तुला आठवतं का? मी सहा वर्षांचा, मला फक्त त्याची पाठ आठवते.

सूनबाईला आशीर्वाद. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा
धाकटा

दि. ७ मार्च

चि. धाकट्यास,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं अक्षर अजून तसंच, मुंग्यांनी वाट चुकावी तसं. पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना शाळेच्या खिडक्यांना होता त्या निळ्या रंगाचा वास आला. रंगाला वास असतो, हे लहानपणीच कळतं, पुढे माणूस विसरतो.

लपंडावात आकडे मोजायचे नाहीत, कविता म्हणायची, हा माझा हट्ट. घंटेच्या खांबाला कपाळ टेकून, डोळे मिटून तीन कडवी:

दिवस चालला घरा, पाखरे
फांदीवरती आली,
चला मुलांनो, खेळ पुरे हा,
सांज अंगणी झाली.

इथून सुरुवात. तिसरं संपलं की शोधायला निघायचं. आणि चौथं राखून ठेवायचं, खेळ मोडायचा झाला तर. ते ऐकलं की ज्यानं त्यानं बाहेर यायचं. पण म्हणायचं ज्याच्यावर राज्य आहे त्यानंच. दुसऱ्यानं म्हटलं तर म्हणणाराही लपणाऱ्यांत धरायचा आणि डाव पहिल्यापासून. मधला या नियमांचा केवढा पक्का! तू मात्र भूक लागली की नियमबियम सोडून रडत बाहेर यायचास.

त्या दिवशी राज्य माझं होतं. चौथं कडवं मी घसा फुटेपर्यंत म्हटलं. तो आला नाही. म्हणून तर बाबा म्हणाले, ऐकू आलं असतं तर पोरगं आलं असतं, म्हणजे तो रानात नाहीच. मग सगळे नदीकडे आणि हमरस्त्याकडे धावले. रान पाहिलं ते दोन दिवसांनी, तेही वरवर.

तेव्हा तिथे काही नाही. माझं ऐक, मल्चर लाव आणि मोकळा हो. या वयात मातीत हात घालून काय मिळणार? गुडघ्यांना तेल लाव. आठवण ठेवणाऱ्याला विसरू नये, एवढं म्हातारं मागणं.

तुझा
दादा

दि. ११ मार्च

ती. स्व. दादास,

शि. सा. न. वि. वि.

मल्चर लाव म्हणतोस, तू! वाळक्या पानावर पाय पडला तरी त्याच्यावर चार ओळी करणारा माणूस. राहू दे. इथलं ऐक.

निम्मं रान काढून झालं. मधोमध एक जाळी आहे, खोलीएवढी. बाहेरून काटेरी झुडपं, आत दहा-बारा पोरसवदा झाडं, अगदी एकमेकांना खेटून. बाकी सगळं लोण्यासारखं निघालं, ही जाळी निघत नाही. वीस टनांचं मशीन, दादा! पंजा घातला की पलीकडून कुणीतरी धरतं. दगड लागला तर मशीन कुठे अडलं ते हाताला कळतं, चाळीस वर्षं झाली. हे तसं नाही. हे ओढतं, जरा सैल सोडतं, पुन्हा ओढतं. रस्सीखेच खेळताना समोरच्याला हसू आलं की दोर कसा ढिला पडतो, तसं.

मंगळवारी भर दुपारी इंजिन बंद केलं आणि डबा उघडला. रानात पाखरू नाही, वारा नाही. जाळीतून आवाज आला. तुला खोटं वाटेल. हसू दाबताना नाकातून सुटतो ना, तो. मी डबा तसाच ठेवला आणि लहान मुलांशी बोलतात तशा आवाजात म्हटलं, चल, पुरे आता. आवाज एकदम थांबला. श्वास रोखून धरल्यासारखा.

काल जाळीच्या कडेचं एक झुडूप निघालं. झटकलं तर त्याच्या मुळांत डाव्या पायाची चप्पल. लहान. अंगठ्याजवळ तुटलेली, तांब्याच्या तारेनं सांधलेली, तारेचं टोक आत वळवून चपटं केलेलं, पायाला लागू नये म्हणून. अशी तार कोण वळवायचं, दादा? चामडं वाळलेलं नाही. आत बोटं घालून पाहिली. कोमट होती.

मी कुणाला बोललो नाही. बायकोला वाटतं, मला उन्हाचा त्रास झाला. तू खरंच कडवं म्हटलं होतंस ना? मोठ्यानं? मला का कोण जाणे, तुझा आवाज आठवत नाही. रागावू नकोस. जीव लावतोस तसा लावत राहा.

तुझा
धाकटा

दि. १४ मार्च

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. ते तुला घ्यावेसे वाटतील की नाही, पुढचं वाचून ठरव.

तार मीच वळवली होती. आदल्या दिवशी, पायरीवर बसून.

तुला आवाज आठवत नाही, कारण आवाज नव्हताच. मी तीन कडवी म्हटली आणि डोळे उघडले, तर समोर कवितेचे गुरुजी. सायकल हातात धरून उभे. म्हणाले, छान म्हणतोस. पिशवीतून एक पुस्तक काढून दिलं, दोन दिवसांसाठी. नवं कोरं, पानं अजून एकमेकांना चिकटलेली. मी पायरीवर बसलो, पहिलं पान सोडवलं, मग दुसरं. धाकट्या, मी कुठे गेलो होतो ते मला आजही सांगता येणार नाही. उजेड कमी झाला तेव्हा पुस्तक छातीशी धरून पुढच्या फाटकानं घरी आलो. तुम्ही दोघं लपलात हे डोक्यातूनच गेलं होतं. तू माझ्या मागोमाग रडत आलास. आईनं विचारलं, आणि मधला?

बाबांनी मला खांद्याला धरून विचारलं, चौथं कडवं म्हटलंस का. मी हो म्हटलं. एवढंच एक अक्षर. त्या एका अक्षरामुळे सगळे कंदील नदीकडे गेले. आणि तो रानात, नियमाला धरून, वाट बघत.

पुढे चाळीस वर्षं मी मुलांना कविता शिकवल्या. ही एक कधी शिकवली नाही. पाठ्यपुस्तकात आली त्या वर्षी वर्ग बदलून घेतला. तुला मल्चर लाव म्हटलं ते याचसाठी. भुसा झाला तर कुणी काही विचारणार नाही, असं वाटलं. बघ, तुझा दादा किती मोठा माणूस आहे.

कडवं खाली देतो. जाळीसमोर उभा राहून मोठ्यानं म्हण. मी यायला हवं, कळतं. पण त्या रानासमोर उभं राहायचं बळ माझ्यात नाही.

जो जो दडला, त्याने यावे,
दिवा लागला दारी;
मागे कोणी उरू नये रे
झाडांच्या अंधारी.

यापुढे माया ठेव असं कुठल्या तोंडानं लिहू? पत्र मात्र लिही.

दादा

दि. १८ मार्च

दादास,

नमस्कार. मायना पुरा लिहायचा म्हटलं तर हात चालेना.

आई पाच वर्षं दार लावू देत नव्हती. तू ते बघत होतास. उंबऱ्यावर बसून ती कुणाची वाट बघते आहे हे तुला माहीत होतं, आणि तो कुठे आहे हेही. याहून जास्त लिहीत नाही. लिहिलं तर पुन्हा कधी लिहिणार नाही.

आज दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी कडवं म्हटलं. हेल्मेट काढून, जाळीसमोर. पहिली ओळ हळू म्हटली, मग आवाज लागला. संपल्यावर सगळी पानं एकदा हलली, वारा नसताना. मशीन चालू करून पंजा नुसता टेकवला, तर अख्खी जाळी उशीवरचा अभ्रा निघावा तशी वर आली.

खाली एक पोकळी होती. भिंती मुळांच्या, वेणी घातल्यासारख्या, आतून गुळगुळीत. नऊ वर्षांचं पोर गुडघे पोटाशी घेऊन मावेल एवढी. तळाशी उजव्या पायाची चप्पल. हाड नाही, चिंधी नाही. आत हात घातला तर ऊब. नुकतंच कुणी उठून गेल्यासारखी.

राग आहेच, पण हलकं वाटतंय हेही खरं. गुडघे दुखायचे थांबले. जेवणानंतर मशीनवर एका उडीत चढलो. फक्त पेडलपर्यंत पाय नीट पोचत नाहीत, सीट मागे सरकली असावी. शर्टाच्या बाह्याही सारख्या हातावर येतात. बायको हसते, म्हणते, वाळलात. मला मात्र सारखी भूक लागते आहे.

रागातसुद्धा तुझाच आहे, हे समजून घे.

धाकटा

दि. २२ मार्च

चि. मधल्यास व चि. धाकट्यास,

दोघांनाही पोटभर आशीर्वाद.

धाकट्या, तुझं पत्र काल मिळालं. सीट सरकलेली नाही रे.

अठरा तारखेला दुपारी मी खिडकीशी उभा होतो. भिंतीवरच्या घड्याळाकडे सहज बघितलं, बारा दहा. तेवढ्यात पाठीत धप्पा बसला. चांगला जोराचा, हसत हसत मारलेला. वळलो तर खोलीत कुणी नाही. सूनबाईनं शर्ट धुवायला घेतला तेव्हा विचारलं, बाबा, पाठीवर मातीचा पंजा कुणाचा? एवढासा, पाच बोटांचा. तिनं दोनदा घासला, गेला नाही. मी म्हटलं, राहू दे.

नियम मीच तुला पत्रात लिहिले आणि मीच विसरलो. कडवं ज्याच्यावर राज्य त्यानंच म्हणायचं. मी ते टपालानं पाठवलं, एकदा चुकवलेलं काम पुन्हा दुसऱ्याच्या गळ्यात घातलं. मधला बाहेर आला, पण हाक माझी नव्हती. त्यानं धप्पा दिला, म्हणजे राज्य पुन्हा माझ्यावर. आणि कडवं म्हणणारा तू, तू आता लपणाऱ्यांत.

काल सूनबाईला तुझ्या घरी फोन लावायला सांगितला. तुझी बायको रडत होती म्हणे. मशीन चालू, पंजा जमिनीला टेकलेला, केबिनचं दार उघडं, सीटवर शर्टाची नुसती घडी. सगळे तुला हमरस्त्याकडे शोधताहेत. मी निरोप दिला आहे, तिकडे शोधू नका, आणि मी येईपर्यंत रानात मल्चर आणू नका. कंत्राटदाराला म्हातारा भ्रमिष्ट वाटला असेल. वाटू दे.

आज दुपारी भिंतीला कपाळ टेकून तीन कडवी म्हटली. तिसरं संपलं तेव्हा पाठीमागून हसू ऐकू आलं, दाबलेलं, नाकातलं. दोन आवाज होते. एक मधल्याचा. दुसरा मी ओळखतो, सहा वर्षांचा, भुकेला.

चौथं कडवं इथे म्हणत नाही. उद्याच्या पहिल्या बसनं निघतो आहे. पत्र तुझ्याच पत्त्यावर टाकतो, माझ्या आधी पोचणार नाही हे माहीत असून. घंटेचा खांब नसेल, तर तुझ्या मशीनच्या पंज्याला कपाळ टेकीन. पुस्तकं सगळी घरी ठेवली आहेत. सोबत फक्त चप्पल सांधायला तांब्याची तार आणि खायला थोडं काही, दोघांना पुरेल इतकं.

जिथे आहात तिथेच बसा. या वेळी मी हाक मारल्याशिवाय परत जाणार नाही.

तुम्हा दोघांचा
दादा